घरात व गंजीत दडलेला साप : तो सुरक्षितपणे बाहेर कसा काढावा

पावसाळ्यास प्रारंभ झाला की शिवारातील बिळांत पाणी शिरते. बेडूक, उंदीर व घुशी कोरड्या जागेच्या शोधात वस्तीकडे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग सापही घराच्या, गोठ्याच्या व खळ्याच्या आसऱ्यास येतात. संध्याकाळी वैरण काढावयास गेलेल्या गृहिणीस गंजीच्या पायथ्याशी शेपटी सरकताना दिसते. एकच ओरड होते. चार माणसे काठ्या घेऊन धावतात आणि तेवढ्या अवधीत साप कडब्यात शिरून दिसेनासा होतो. खरा धोका येथून पुढे सुरू होतो. उघड्यावरचा साप माणसास टाळता येतो. दडलेल्या सापाची नेमकी जागा मात्र ठाऊक नसते, आणि वैरण, जळण, धान्य या रोजच्या गरजांसाठी त्या जागी हात तर घालावाच लागतो.

हा धोका किरकोळ नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासात करण्यात आला आहे. त्यांपैकी बहुसंख्य माणसे ग्रामीण भागातील होती, आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. पेरणी, कोळपणी व खुरपणी यांचे हेच दिवस होत.

अशा प्रसंगी काय करावे, याविषयी गावोगाव अनेक समजुती प्रचलित आहेत. कोणी धूर करण्यास सांगतो, कोणी बिळात रॉकेल ओततो, तर कोणी धीटपणा दाखवण्यासाठी सरळ हात घालतो. या सर्व उपायांत एक समान दोष आहे. सापाला जागचे हलवण्याची घाई त्यांत आहे. त्याला जाण्यास वाट दिलेली नाही. वस्तुतः दडलेला साप बाहेर काढणे हे काम हाताच्या चपळाईचे नाही, नजरेचे व धीराचे आहे. हे तत्त्व ध्यानात ठेवले तर बहुतेक प्रसंगी मनुष्य व साप या दोघांचाही जीव वाचू शकतो.

साप दडतो कशासाठी?

सापाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर व जमिनीवर अवलंबून असते. त्यामुळे उन्हाळ्यात तो गारव्याच्या व हिवाळ्यात उबेच्या शोधात असतो. माणूस, मुंगूस व शिकारी पक्षी यांचे त्याला भय असते. अंधारी, अरुंद, अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल अशी व जेथे हालचाल नाही अशी जागा त्यास सुरक्षित वाटते. दगडी गडग्याच्या फटी, जळणाचा ढीग, गोवऱ्यांचा हुडवा, कडब्याची गंज, कणगीखालची जागा, कौलारू घराचे आढे व जुन्या पोत्यांची थप्पी या सर्व ठिकाणी त्याला हेच गुण आढळतात. त्यात उंदीर असला म्हणजे निवारा व अन्न एकाच ठिकाणी मिळते.

सापाला बाहेरचे कान नसतात. परंतु जमिनीतून येणारी कंपने त्यास चटकन जाणवतात. म्हणून भोवती माणसांची धावपळ झाली, काठ्या आपटल्या, की तो बाहेर येण्याऐवजी अधिक आत शिरतो. उलट, भोवती शांतता झाली व अंधार पडला म्हणजे तो बहुधा आपण होऊनच जागा सोडतो. साप डूख धरतो, पाठलाग करून सूड घेतो, या समजुतीस कोणताही आधार नाही. कोंडला गेला, पायाखाली आला किंवा हातात धरला गेला म्हणजे तो चावतो. अर्थात त्याला कोंडू नये व त्याच्यावर हात अथवा पाय पडू देऊ नये, एवढी दक्षता घेतल्यास धोक्याचा मोठा भाग टळतो.

ओळखीविषयी दोन शब्द

महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूस प्रामुख्याने चार साप कारणीभूत होतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे.

नाग फणा काढतो व फूत्कार टाकतो. त्यामुळे तो सहसा ओळखू येतो. तथापि, दडलेला नाग प्रत्येक वेळी फणा काढीलच असे नाही. मण्यार काळसर निळी, चकचकीत असून तिच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. ते बहुधा जोडीजोडीने असतात व शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. ती रात्री हिंडते, आवाज करीत नाही आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. घोणस जाड अंगाची, मातकट रंगाची असून तिच्या पाठीवर साखळीसारख्या काळसर ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डिवचली असता ती कुकरच्या शिटीसारखा मोठा व लांब आवाज काढते. फुरसे लहान असते. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करते. कोकणातील कातळावर व माळरानावरील दगडांखाली ते विशेष आढळते.

धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ व अजगर हे साप बिनविषारी आहेत. परंतु कवड्याच्या अंगावरही पांढुरके पट्टे असल्यामुळे मण्यारीला कवड्या समजण्याची व घोणशीच्या पिलाला अजगराचे पिलू अथवा डुरक्या घोणस समजण्याची चूक जाणत्या माणसांकडूनही होते. अंधारात, अर्धवट दिसलेल्या शेपटीवरून केलेली ओळख तर मुळीच विश्वसनीय नसते. म्हणून दडलेला प्रत्येक साप विषारी आहे असे धरूनच पुढील सर्व कामे करावी. ओळख पटवण्यासाठी जवळ जाणे हीच पुष्कळ अपघातांची सुरुवात असते.

पहिले काम : माणसे हटवणे व नजर ठेवणे

साप दिसताच प्रथम मुले, वृद्ध माणसे, कुत्रे व जवळ बांधलेली गुरे दूर न्यावी. जमाव जमू देऊ नये. जमाव झाला की साप आत शिरतो, मागची माणसे पुढच्यांना ढकलतात आणि सापावर लक्ष कोणाचेच राहत नाही.

त्यानंतर एका धीराच्या व्यक्तीने केवळ सापावर, किंवा तो जेथे शिरला त्या जागेवर, नजर ठेवण्याचे काम पत्करावे. तिने दुसरे कोणतेही काम करू नये. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पुढे झेप घेऊ शकतो. म्हणून मोठा साप ध्यानात घेऊन निदान दोन मीटर व शक्य असेल तेथे तीन मीटर अंतर राखावे. पायांत बूट असावे, हाती विजेरी असावी. दुसऱ्या व्यक्तीने वनविभागाच्या कार्यालयास अथवा वनरक्षकास कळवावे आणि वनविभागाच्या माहितीतील प्रशिक्षित सर्पमित्रास बोलवावे. मदत येईपर्यंत नजर ठेवणाराने जागा सोडू नये. सर्पमित्र येऊन पोचला आणि साप कोठे आहे हे कोणीच सांगू शकले नाही, तर सारा शोध पहिल्यापासून करावा लागतो.

वाट मोकळी करून देणे

साप घराच्या खोलीत असेल व मदत लवकर येण्यासारखी नसेल, तर त्याला बाहेरची वाट दाखवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. घराच्या आतील बाजूस जाणारी दारे बंद करून त्यांच्या उंबऱ्यापाशी ओले गोणपाट घट्ट सारावे, म्हणजे साप दुसऱ्या खोलीत जाणार नाही. अंगणाकडील दार पूर्ण उघडावे. बाहेरच्या वाटेवरील बादल्या, भांडी व पादत्राणे बाजूला करावी, कारण साप जाता जाता वाटेतील पहिल्याच आडोशात शिरतो. घरातील दिवा मालवावा, माणसांनी बाहेर येऊन दाराच्या थेट समोर न थांबता बाजूस व दूर उभे राहावे आणि आवाज करू नये. साप सहसा खोलीच्या मधून न जाता भिंतीच्या कडेकडेने सरकतो. म्हणून दारापर्यंत भिंतीची कड मोकळी ठेवणे अगत्याचे आहे.

या पद्धतीत एक तास लागेल, क्वचित सारी रात्रही जाईल. तेवढा वेळ त्या खोलीत कोणी झोपू नये व अनवाणी जाऊ नये. एका रात्रीची गैरसोय पत्करणे हे आयुष्यभराच्या दुःखापेक्षा केव्हाही हितावह आहे.

राखेची खूण

साप गेला की अजून घरातच आहे, हा प्रश्न सर्वांत अधिक छळतो. त्यासाठी चुलीतील गार, बारीक चाळलेली राख उपयोगी पडते. संध्याकाळी दाराच्या उंबऱ्यापाशी, मोरीच्या तोंडाशी व संशयित कोपऱ्यासमोर वीतभर रुंदीचा राखेचा पातळ थर पसरावा व कोणी त्यावर पाय देऊ नये. सकाळी त्यावर नागमोडी अथवा सरळ ओढल्यासारखी रेघ उमटलेली दिसली, तर साप तेथून गेला असे समजते. थर नुसता बाहेरच्या उंबऱ्यावर मोडला असेल, तर तो बाहेर गेल्याचा संभव अधिक. आतल्या दारापाशी मोडला असेल, तर शोध पुढच्या खोलीत करावयाचा. रेघेवरून सापाच्या जाडीचाही अदमास येतो. राखेऐवजी पीठ वापरू नये. पिठाने उंदीर येतात.

दोनतीन रात्री खूण मिळाली नाही, तरीही साप गेला असे लगेच मानू नये. पोट भरलेला अथवा कात टाकण्याच्या बेतात असलेला साप कित्येक दिवस एकाच जागी पडून राहतो. अशा वेळी खोलीतील सामान दिवसाउजेडी, एकेक वस्तू करून हलवावे.

जागेप्रमाणे कामाची रीत

कडब्याची गंज व गोवऱ्यांचा हुडवा. गंज खालून उपसू नये. लांब दांड्याच्या दाताळ्याने वरच्या थरापासून एकेक पेंढी ओढून खाली पाडावी व ती पडल्यावर काही वेळ थांबून मगच पुढची ओढावी. पेंढी कवेत घेऊन उचलू नये. गंजीच्या शेताकडील अथवा कुंपणाकडील बाजूस कोणी उभे राहू नये. ती बाजू सापास जाण्यासाठी मोकळी ठेवावी. हे काम सकाळच्या पूर्ण उजेडात करावे. पावसाळ्याच्या तोंडाशी घोणशीची व फुरशाची पिले जन्मतात. हे साप अंडी न घालता पिलांनाच जन्म देतात. म्हणून एक पिलू सापडले असता तेथे आणखीही असतील असे गृहीत धरावे. पिलाच्या दातांतही जन्मतःच विष असते, हे विसरू नये.

कणगी, पोती व पेव. पोत्यांच्या थप्पीमागे हात घालून पोते ओढू नये. वरचे पोते समोरून, दोरीच्या फासाने अथवा आकड्याने पुढे घ्यावे. कणगी हलवण्यापूर्वी तिच्याखाली विजेरीचा झोत जमिनीलगत टाकून पाहावे. पेवात साप दिसला तर त्यात उतरू नये. साठवलेल्या धान्यामुळे पेवात कोंडलेली हवा श्वासोच्छ्वासास घातक झालेली असू शकते. तेथे सापापेक्षा हवेचेच भय अधिक असते.

आढे व कौले. साप आढ्यावर असेल तर तो बहुधा उंदरांच्या मागावर आलेला असतो. काठीने ढोसल्यास तो खाली, माणसाच्या अंगावर पडतो. त्याच्या खालची जागा रिकामी करावी, अंथरुणे हलवावी व रात्रभर त्यास जाऊ द्यावे.

मोरी व भिंतीतील बीळ. बीळ खणू नये व त्याच्या तोंडाशी चेहरा नेऊन डोकावू नये. भिंतीतील फटीत शिरलेल्या सापाची शेपटी दिसते, म्हणून ती धरून ओढण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो कटाक्षाने टाळावा. सापाचे खवले फटीत अडकतात, त्याच्या अंगास इजा होते, आणि त्याचे तोंड आतून कोणत्या फटीतून कोठे निघेल हे बाहेरच्या माणसास दिसत नाही.

विहीर. विहिरीत पडलेला साप काही काळ पोहतो. पण कठडा सरळ असल्यास त्याला वर येता येत नाही. त्यासाठी कोणी विहिरीत उतरू नये. खरखरीत फांद्या असलेले लांब लाकूड अथवा गाठी मारलेला जाड दोर काठापर्यंत टेकवून ठेवावा, किंवा दोराला बांधलेली उथळ पाटी पाण्यावर सोडावी. थकलेला साप आधार मिळताच त्यावर चढतो. पाटी वर घेताना दोर लांबून ओढावा व पाटी काठावर ठेवून सर्वांनी दूर व्हावे.

मोटारीची खोली व वाहने. पंपाच्या स्टार्टरच्या पेटीत उबेसाठी साप शिरतात. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी ती काठीने ठोठवावी, व साप आढळल्यास प्रथम खांबावरून वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. पावसात ओल्या जमिनीवर उभे राहून पेटीत काठी घातल्यास विजेचा झटका बसण्याचे भय असते. मोटारसायकलीत अथवा ट्रॅक्टरच्या इंजिनात साप शिरला असता इंजिन सुरू करू नये. वाहन मोकळ्या जागी, झाडोऱ्यालगत, झाकण उघडून रात्रभर तसेच ठेवावे.

जाळे. फळबागांवर पाखरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत साप अडकतात. असा साप हलत नसला तरी जिवंत असू शकतो. जाळे हाताने सोडवू नये. त्या भागाभोवती काठ्या रोवून सावली करावी व प्रशिक्षित माणसाची वाट पाहावी.

नळी व पिशवी यांची पद्धत

प्रशिक्षित सर्पमित्र आज साप हाताळण्यासाठी पुष्कळदा नळी व पिशवी यांचा उपयोग करतात. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा घेऊन तिच्या एका टोकास जाड सुती कापडाची, शिवण पक्की असलेली लांब पिशवी घट्ट बांधतात. नळी भिंतीच्या कडेस आडवी ठेवतात व आकड्याने सापाला केवळ दिशा दाखवतात. अंधारी, अरुंद जागा सापडली म्हणजे साप आपण होऊन नळीत व तेथून पिशवीत शिरतो. मग पिशवीचे तोंड काठीने दाबून, पीळ देऊन बांधतात. सापाची मान धरावी लागत नाही, त्याला दाबावे लागत नाही, म्हणून तो चिडतही नाही.

या पद्धतीत सापाच्याच स्वभावाचा उपयोग करून घेतलेला आहे. ती सोपी दिसत असली तरी अननुभवी माणसाने करू नये. कापडातूनही साप चावू शकतो. म्हणून भरलेली पिशवी अंगास न लावता गाठीवरून धरावी लागते आणि झाकणास छिद्रे असलेल्या टणक डब्यात ठेवून न्यावी लागते. गावकऱ्यांनी या वेळी सर्पमित्रास उजेड दाखवणे व जमाव दूर ठेवणे एवढीच मदत करावी. जो मनुष्य पकडलेला नाग गळ्यात घालतो, त्याचे चुंबन घेतो अथवा छायाचित्रासाठी त्यास खेळवतो, त्याला गावात बोलावू नये. असे खेळ करताना अनुभवी माणसांनीही प्राण गमावले आहेत.

सोडलेला साप त्याच परिसरातील, वस्तीपासून दूर व आडोसा असलेल्या जागी, वनविभागास कळवून सोडावा. फार लांबच्या अनोळखी रानात सोडलेल्या सापास निवारा व भक्ष्य सापडणे कठीण जाते.

हे करू नये

बिळात अथवा अडगळीत रॉकेल, फिनेल, कार्बोलिक आम्ल, उकळते पाणी किंवा कीटकनाशक ओतू नये. त्याने साप अनपेक्षित बाजूने, पिसाळून बाहेर पडतो. शिवाय धान्य, वैरण व पिण्याचे पाणी दूषित होते आणि कातडी भाजते ती निराळीच. गंजीजवळ धूर अथवा टेंभा नेऊ नये. एका सापासाठी वर्षाची वैरण जळण्याचे भय असते. सापापुढे दुधाची वाटी ठेवून तो बाहेर येत नाही, कारण दूध हे त्याचे अन्न नव्हे. पुंगीच्या नादाने तो बिळातून ओढला जातो, हीही समजूत निराधार आहे. नाग डोलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखून. मेलेला दिसणारा साप हातात घेऊ नये. तुटलेले डोकेही काही काळ चावा घेऊ शकते.

साप मारणे, पकडून बाळगणे अथवा त्याचे खेळ करणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. या कायद्यामागे शेतकऱ्याचेही हित आहे. धामण, नाग व घोणस हे उंदरांचे मोठे शत्रू होत. बिळात शिरून उंदराची पिले खाणारा दुसरा मदतनीस शेतकऱ्यास क्वचितच मिळेल.

दंश झालाच तर

चावलेल्या माणसास धीर द्यावा व त्याची हालचाल थांबवावी. हातातील अंगठी, बांगड्या, कडे व पायातील जोडवी, पैंजण लगेच काढावे, कारण सूज आल्यावर ते रुततात. हात अथवा पाय मोडला असता ज्याप्रमाणे फळीने आधार देतात, त्याप्रमाणे तो अवयव सैल बांधून स्थिर ठेवावा. दोरीने आवळू नये. जखम कापू नये, चोखू नये, तीवर बर्फ, चुना अथवा झाडपाला लावू नये. रुग्णास चालवू नये. १०८ या क्रमांकावरील रुग्णवाहिका बोलवावी; ती येण्यास विलंब होत असल्यास मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. उलटी होत असल्यास त्याला कुशीवर निजवावे.

चार प्रमुख सापांच्या विषावर एकच संयुक्त प्रतिविष उपयोगी पडते. म्हणून साप ओळखण्यासाठी अथवा मारून दवाखान्यात नेण्यासाठी वेळ घालवण्याचे कारण नाही. दंशाची वेळ मात्र ध्यानात ठेवून डॉक्टरांस सांगावी. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही व पुढे श्वास मंदावतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने सूज येते, रक्त गोठत नाही व हिरड्यांतून अथवा लघवीतून रक्त जाते. मण्यारीच्या दंशाची वेदना व खूण पुष्कळदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखून जागा झालेला व डोळे उघडू न शकणारा मनुष्य आढळल्यास त्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

साप पुन्हा येऊ नये म्हणून

कणगी व पोती जमिनीपासून उंच फळीवर व भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, म्हणजे मागील जागा झाडता व पाहता येते. गंज व जळण घराच्या भिंतीस लागून रचू नये. गंजीखाली दगडांचा व लाकडांचा उंच माच करावा. उंदरांची बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या मातीने व सिमेंटने बुजवावी. मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी. कोंबड्यांचे खुराडे झोपण्याच्या खोलीस लागून नसावे. जमिनीवर झोपण्याऐवजी बाजेवर झोपावे, व मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्या. मण्यारीपासून बचावासाठी एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी व काठी जवळ असावी. वैरण, गोवऱ्या व जळण दिवसाउजेडीच काढून ठेवावे.

ग्रामसेवकांनी करावयाचे काम

भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट प्रत्यक्षात साधावयाचे ते गावातच. त्यासाठी मृग नक्षत्रापूर्वी पुढील गोष्टी पूर्ण कराव्या. वनरक्षक, सर्पमित्र व जवळचे रुग्णालय यांचे क्रमांक स्वतः लावून पाहून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर व शाळेच्या भिंतीवर रंगवावे. प्रतिविष नेमके कोणत्या आरोग्य केंद्रात उपलब्ध आहे व रात्री तेथे डॉक्टर असतात किंवा नाही, याची समक्ष चौकशी करावी. रात्री वाहन देण्यास तयार असलेल्या दोन व्यक्तींची नावे अगोदर ठरवून ठेवावी. ग्रामसभेत, महिला मंडळात व शाळेत दाताळ्याने पेंढी ओढण्याची व राखेची खूण पाहण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. या प्रात्यक्षिकासाठी जिवंत सापाची मुळीच आवश्यकता नाही.

वैरण काढण्याचे, गोवऱ्या आणण्याचे व पहाटे चूल पेटवण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रियांकडे व मुलांकडे असते. तेव्हा अडगळीत पहिला हात जातो तो त्यांचाच. म्हणून ही माहिती केवळ चावडीवर न थांबता प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत व गोठ्यापर्यंत पोचली पाहिजे. हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे, काठीने हलवण्यापूर्वी उजेड पाडावा, आणि साप दिसलाच तर त्यास वाट द्यावी, एवढा क्रम ज्या घराने अंगी बाणवला, त्या घरात साप आला तरी कोणाच्या जिवावर बेतण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.